समुद्रातील मासेमारीचा पहिला धडा सोलापुरातच गिरवावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास माझे एक छायाचित्र नातेवाइकांच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या मोबाइलवर फिरले. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीच्या खाडीत एका नारिंगी कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीवर, मी बसले आहे आणि माझ्या हातात जेमतेम किलोभर वजनाची तांबोशी ही मासळी आहे, एवढेच त्या छायाचित्रात दिसते. ते पाहून अनेकांचे फोन आले. कौतुक झाले, त्याचा आनंदही झाला. मात्र त्यातील सहा जणांनी, जे सर्व नुकतेच सेवानिवृत्त झालेले किंवा त्या उंबरठ्यावर असलेले आहेत, दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन भाड्याच्या कयाक घ्यायच्या आणि थेट समुद्रात जाऊन मासे धरायचे, असा बेत पक्का केल्याचे सांगितले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की पोहता येते का? सहापैकी पाच जणांना पोहता येत नाही. ‘लाइफ जॅकेट देतातच की तिथे,’ हे उत्तर मला पाचही जणांकडून थोड्याफार फरकाने ऐकायला मिळाले. त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले आणि म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

माझे वय ६२ आहे. जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. माझे माहेर सीना नदीकाठच्या एका खेड्यातले. वडील सुट्टीच्या दिवशी नदीच्या डोहावर गळ टाकून बसत आणि गळाला गांडूळ लावून देण्याचे काम माझ्याकडे असे. माझे दोघे भाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले, तेव्हा मी थारोळ्याजवळ बसून त्यांचे कपडे सांभाळत होते, कारण मुलींनी विहिरीत उतरण्याची रीत आमच्याकडे नव्हती. मासा गळाला लागला की दोरीतून हाताला जो हिसका बसतो, तो मला सातव्या-आठव्या वर्षापासून माहीत होता. पाण्यात आपले शरीर तरंगते, हे मात्र मला सत्तावन्नाव्या वर्षी कळले. आमच्या वयाच्या सोलापूरकरांचे, आणि त्यातही बायकांचे, हे असेच आहे. आपण कमी पावसाच्या मुलखातली माणसे. आपले पाणी म्हणजे विहीर, तलाव, कालवा आणि धरण, आणि त्यापासून मुलांना दूर ठेवण्यातच आपल्या आईवडिलांनी शहाणपण मानले.

पोहायला शिकण्यासाठी मी शहरातील एका जलतरण तलावावर गेले, तेव्हा तेथील व्यक्तीने ‘आता या वयात कशाला, बाई?’ असे विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता; पण स्त्रियांसाठी ठेवलेली वेळ ऐन उन्हाळ्यात दुपारची होती आणि त्या वेळी तेथे शिकवणारे कोणी नव्हते. बऱ्याच फेऱ्या मारल्यावर सकाळची वेळ मिळाली. माझी मैत्रीण, जी सेवानिवृत्त परिचारिका आहे, तीही माझ्याबरोबर येऊ लागली. आम्हाला सहा महिने लागले. हात मारणे त्यामानाने लवकर जमले. उताणे पडून, कान पाण्याखाली जाऊ देऊन, छाती भरून श्वास घेत निवांत पडून राहणे हे सर्वांत अवघड गेले, कारण कानात पाणी शिरले की उतारवयातले शरीर ताठरते, मान वर उचलली जाते आणि मान वर आली की कंबर खाली जाते. ज्या दिवशी मी दहा मिनिटे काहीही न धरता उताणी तरंगले, त्या दिवशी मला समुद्राकडे जाण्याची परवानगी मिळाली असे मी मानते. पोहण्याच्या वेगाचा कयाकवरच्या माणसाला फारसा उपयोग नाही. घाबरे न होता पाण्यात राहता येणे, याचाच उपयोग आहे.

ज्यांनी कयाक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मासेमारीसाठी वापरतात ती कयाक बहुधा जाड पॉलिथिलीनची, आतून पोकळ, वरून बंद अशी असते आणि माणूस तिच्या आत न बसता तिच्या पाठीवर बसतो. बैठकीजवळ आरपार भोके असतात, त्यांतून वर आलेले पाणी आपोआप खाली निघून जाते, त्यामुळे ती होडीसारखी पाण्याने भरून बुडत नाही. माझी कयाक साडेतीन मीटर लांब आणि सुमारे २८ किलो वजनाची आहे व ती देवबागला एका ओळखीच्या कुटुंबाच्या खोपीत ठेवलेली असते. अशी कयाक बुडणार नाही. उलटेल मात्र नक्की, आज ना उद्या. उलटल्यावर काय करायचे, हे ज्याला येत नाही त्याने पाण्याची खोली आपल्या छातीपेक्षा जास्त असेल तेथे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलटलेल्या कयाकवर परत चढणे शब्दांत सोपे वाटते. आधी वल्हे हातातून सुटू द्यायचे नाही, म्हणून ते दोरीने कयाकला बांधलेले असावे. मग कयाकच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड धरायची, गुडघा अलीकडच्या कडेला टेकवायचा आणि मागे झुकून ती सरळ करायची. नंतर बैठकीच्या बाजूला येऊन दोन्ही हात आडवे टाकायचे, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येतील असे जोराने मारायचे आणि पोटावर घसरत कयाकवर आडवे पडायचे. बेंबी कयाकच्या मध्यावर आली की थांबायचे, श्वास घ्यायचा, मग कुशीवर वळून बसते व्हायचे आणि सर्वांत शेवटी पाय उचलून आत घ्यायचे. बहुतेक जण हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढू पाहतात आणि तेथेच फसतात, कारण पाय कयाकच्या खाली गेलेले असतील तर पहिलवानालाही चढता येत नाही आणि पाय पाण्यावर आणले तर माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या बाईलाही चढता येते. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात मी अकरा वेळा प्रयत्न केले. नऊ फसले, दहाव्या वेळी चढले, अकराव्या वेळी पुन्हा फसले. दोन्ही दंड आतल्या बाजूने काळेनिळे झाले होते. त्यानंतर एवढ्याच सरावासाठी आम्ही दोघी मंगळवेढे, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता धरून, फोंडा घाट उतरून, सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास दोनदा केला, कारण सोलापुरात हा सराव करायला आम्हाला कोणी जागा दिली नाही. काहींनी आपापल्या रानातील शेततळे सुचवले. शेततळ्याला आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की पाय ठरत नाही आणि उतारावरून वर येता येत नाही. अशा तळ्यांत पट्टीचे पोहणारेही बुडाल्याच्या बातम्या आपल्याच पत्राच्या जिल्हा पानावर दर उन्हाळ्यात येतात. तेथे सराव करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

आता लाइफ जॅकेटविषयी. ते हवेच, काठावरच घालायला हवे आणि परत काठावर येईपर्यंत काढता कामा नये, याविषयी माझे दुमत नाही. परंतु पहिल्या वर्षी एका व्यावसायिकाने मला जे जॅकेट दिले, त्याचे मधले बक्कल तुटलेले होते आणि त्या जागी नाडी बांधलेली होती. पाण्यात उतरताच ते वर सरकले आणि माझी हनुवटी व कान त्यात अडकले. खांदे पाण्याखाली, जॅकेट डोक्याभोवती. तेव्हापासून मी एक साधी परीक्षा करते. सर्व पट्टे आवळून झाल्यावर मैत्रिणीला मागे उभे करून जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगते. ते कानापर्यंत आले तर ते माझ्या मापाचे नाही. शिवाय ज्याला पाण्यात शांत पडता येत नाही, तो चांगले जॅकेट घालूनही हातपाय झाडतो, पाणी गिळतो आणि कयाक हातची सोडतो. वारा असेल तर सुटलेली कयाक क्षणात लांब जाते, पोहून तिला गाठता येत नाही. माझ्या त्या पाच परिचितांना मला हेच सांगायचे आहे.

वाऱ्याचा धडा मी स्वतः फार उशिरा शिकले. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात, हे मी ३१ वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत, हेही सांगितले. जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही दोघी देवबागच्या समुद्राकडच्या बाजूने पाण्यात उतरलो. माडांच्या आडोशामुळे काठालगत वारा अजिबात लागत नव्हता, पाण्यावर सुरकुतीदेखील नव्हती. मागे लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष, सोडून आम्ही सरळ पश्चिमेला वल्हवत निघालो आणि किती हलके चालले आहे, याचे समाधान मानत राहिलो. पंधरा मिनिटांनी मी मागे वळून पाहिले, तेव्हा माडांच्या झावळ्या वेगळ्या दिसत नव्हत्या, नुसती एक हिरवी रेघ दिसत होती. आडोसा केव्हाच संपला होता आणि आम्हाला आमच्या वल्ह्यापेक्षा पाठीमागचा वाराच जास्त नेत होता. कयाक वळवली तर तिचे नाक वाऱ्याने पुन्हा पुन्हा बाजूला जाऊ लागले. मी रॉड आवरायला दोन मिनिटे हात थांबवले, तेवढ्यात मैत्रिणीत आणि माझ्यात अंतर पडले. मग आम्ही रॉड आडवे करून बांधले, अंग पुढे झुकवून खाली केले, बोलणे बंद केले आणि केवळ काठाकडे पाहत वल्हवले. पंधरा मिनिटांत तोडलेले अंतर परत यायला पाऊण तासापेक्षा जास्त लागला. काठावर पाय टेकले तेव्हा माझी बोटे वल्ह्याभोवती तशीच वळलेली होती, ती एकेक करून उघडावी लागली.

आमच्याकडे काठावरून पाहत असलेले एक वृद्ध गाबीत मच्छीमार आम्हाला रागावले नाहीत. ‘बाई, वारो फिरलो की मासो इसराचो, किनारो धरूचो,’ एवढेच ते म्हणाले. त्यांनीच सांगितले, की वाऱ्याची खात्री नसेल तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. शिडाच्या होडीचा नियम वल्ह्याच्या कयाकला जसाच्या तसा लावू नये, कारण खारा वारा केव्हा सुटेल ते आपल्या हातात नसते आणि साठीच्या माणसाला तोपर्यंत समुद्रात थांबून राहण्याची ताकद नसते. फेब्रुवारीपासून पुढे दुपारचा वायव्येकडचा वारा इतका जोर धरतो, की दहा-साडेदहाच्या आत काठावर परतणे, हे मी स्वतःपुरते बंधन करून घेतले आहे. निघण्याच्या आदल्या रात्री हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहायचा, हेही त्यातलेच. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक मी पाण्यापासून सुरक्षित पिशवीतल्या मोबाइलमध्ये तर ठेवतेच, शिवाय जॅकेटच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवले आहेत.

भरती-ओहोटीच्या बाबतीत आपल्या शहराने कोकणाला फार मोठी गोष्ट दिली आहे, असे मला वाटते. सोलापुरातून निघणारे दाते पंचांग देवबागच्या ज्या घरी मी उतरते तेथेही भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहे. कोकणातली माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. पण घरबसल्या दिवस निवडायला तो पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि खाडीतला प्रवाहही जोरात असतो. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ओढ कमी असते. नवख्यांनी भांगाचेच दिवस धरावेत. सोलापुरात बसून पंचांग उघडावे, अष्टमी कोणत्या वाराला आहे ते पाहावे आणि मग रजा किंवा गाडी ठरवावी, हा क्रम मला योग्य वाटतो. दिवाळीत तर लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येते, म्हणजे सुट्टीचे ते दिवस नेमके उधाणाचे असतात.

खाडीचे मुख ही सर्वांत कसोटीची जागा. ओहोटीचे पाणी, ज्याला तिकडे सुकती म्हणतात, खाडीतून बाहेर धावत असते आणि समुद्राच्या लाटा आत येत असतात. दोहोंची गाठ पडते तेथे लाट उभी राहते आणि फुटते. आत खाडीत बसलेल्या माणसाला हे दिसत नाही, त्याला फक्त कयाक आपोआप पुढे चालली आहे असे वाटते. म्हणून मी खाडीत असताना आधी प्रवाहाविरुद्ध, वरच्या अंगाला जाते. समुद्राकडून काठाला लागताना कयाकचे नाक सरळ काठाकडे ठेवावे, ती लाटेला आडवी होऊ देऊ नये; आणि उतरल्यावर कयाक व काठ यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण मागून आलेली एक लहान लाटही ती २८ किलोंची कयाक नडगीवर आणून आपटते.

वयाविषयी माझे म्हणणे असे, की वय आड येत नाही, पण ते लपवून चालत नाही. मला रक्तदाबाची गोळी आहे. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, घामाबरोबर क्षार जातात आणि भोवळ येते, हे मैत्रिणीने लक्षात आणून दिल्यावर मी डॉक्टरांशी बोलून पाणी आणि मीठ-साखर यांचे प्रमाण ठरवून घेतले. सोलापूरच्या बेचाळीस अंशांची सवय कोकणात कामी येत नाही. आपल्याकडे घाम लगेच सुकतो, तिकडे तो अंगावरच राहतो आणि शरीर निवत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी गळ बोटात घुसला तर काय, हा विचार आधीच करावा. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. तासभर पाय लांब करून बसल्यावर मांड्या बधिर होतात, त्या अवस्थेत उतरताना माणूस पडतो, तेव्हा उतरण्यापूर्वी पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून मुंग्या जाईपर्यंत बसावे.

मासेमारीच्या साहित्याबद्दल फार लिहीत नाही, कारण नवख्याचा बहुतेक पैसा आणि उत्साह तेथेच खर्च होतो. एक मध्यम रॉड, एक रील, थोडे गळ, शिसे आणि आमिषाला ताजी सुंगटे (कोळंबी) एवढ्यात पहिले वर्ष निघते. काठाजवळच्या बुडालेल्या खडकांपाशी, तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांपाशी तांबोशी असते. छायाचित्रातली तांबोशी मुळांपासून हातभर अंतरावर लागली. ती लागताच पहिल्याच ओढीत मुळांकडे वळते. त्या दोन-तीन सेकंदांत तिला थोपवले नाही तर दोर मुळांत गुंततो आणि तुटतो. कयाकवर उभे राहून जोर लावता येत नाही, उलट मासाच कयाकला ओढून फिरवतो. वडिलांच्या डोहावरचा तो हिसका मला पन्नास वर्षांनी पुन्हा बसला, फक्त या वेळी माझ्याखालची जागाही हलत होती. वर आल्यावर तिचा तांबूस रंग ओल्या विटेसारखा दिसतो आणि जबडे इतक्या जोराने मिटतात की पक्कड असल्याशिवाय गळ काढू नये.

शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यांजवळच्या काट्यांपासून हात जपावा. त्याचा काटा विषारी असतो, वेदना भयंकर होतात. पाकटाचेही तसेच. सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवल्याने त्या वेदना उतरतात आणि मग डॉक्टरांकडे जावे. त्यासाठी आम्ही काठावर गरम पाण्याचा थर्मास ठेवतो. केंड मासा चुकूनही खाऊ नये, तो विषारी आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. सुरमई ३७० मिलिमीटर, बांगडा १४० मिलिमीटर. मी वल्ह्याच्या दांड्यावर या दोन ठिकाणी लाल रंगाच्या रेघा केल्या आहेत. त्या रेघेपेक्षा लहान सुरमई आली तर ती ओल्या हाताने सोडते, कारण तिने अजून एकदाही अंडी घातलेली नसते.

आपण तेथे पाहुणे आहोत, याचे भान मात्र सतत हवे. रापणीची (काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) दोरी किंवा जाळ्याचा बोया दिसला की लांबून वळसा घालावा. धरलेला मासा विकू नये. तो तेथल्या माणसांच्या पोटाचा व्यवसाय आहे. मालवणजवळचे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालेले आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात गळ टाकण्यापूर्वी तेथे काय चालते ते विचारून घ्यावे. १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ यांत्रिक नौकांसाठी असतो, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट असते. या सवलतीकडे पाहून कोणी कयाक घेऊन पावसाळी समुद्रात जाऊ नये. आम्ही दसऱ्यानंतरच जातो.

एवढे सगळे वाचून कोणी बेत रद्द करील, तर मला वाईट वाटेल. पहाटे खाडीत कयाक थांबवावी, वल्ह्यावरून टपकणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू यावा, शेवटे मासे एकामागून एक उड्या मारत जावेत आणि आपण पाण्याच्या इतके जवळ असावे की हात खाली सोडला तर तळवा भिजावा, हे मला साठीच्या घरात मिळाले आणि ते आणखी कोणाला मिळावे असे मनापासून वाटते. म्हणूनच मी अडवत नाही, थांबा म्हणते आहे. ही दिवाळी पोहण्यात घालवावी, पुढची देवबागला.

त्यासाठी महापालिकेला आणि शहरातील जलतरण तलाव चालवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, की पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांना शिकवणाऱ्या माणसासह सकाळचा एक तास द्यावा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी तलावात एक जुनी कयाक उतरवू द्यावी. तलावाच्या फरशीला धक्का लागेल अशी शंका मला एका ठिकाणी बोलून दाखवण्यात आली. कयाकच्या तळाला जुन्या सोलापुरी चादरी बांधून मी ती शंका दूर करायला तयार आहे. त्याच ठिकाणी, दहा जणांच्या सह्यांचा लेखी अर्ज आणल्यास विचार करू, असे मला सांगण्यात आले आहे. माझी व मैत्रिणीची धरून आतापर्यंत सात सह्या झाल्या आहेत. दिवाळीचा बेत केलेल्या त्या पाच जणांपैकी दोघांनी सही केली. उरलेल्या तिघांच्या घरी मी या रविवारी अर्ज घेऊन जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त भूगोल शिक्षिका,
सोलापूर